मालवणीचा टच

चिंतामणी परब गेले तेव्हा त्यांची मुलगी रुचा रडली नाही. रुग्णालयाचे कागद तिनेच पुरे केले, गावी फोन तिनेच लावले, आलेल्यांना चहा-पाणी तिनेच पाहिलं. करी रोडच्या बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, पोरगी खंबीर आहे हो. रुचाला वाटलं होतं, तेराव्यानंतर येईल रडू, सगळे पांगले की येईल. तेही झालं, पण रडू आलं नाही. दाढ काढताना डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपलाच असून परका लागतो, तसं काहीसं अंगभर झालं होतं. भूक लागायची, झोप लागायची, ऑफिसला जाता यायचं. एवढंच.

ऑफिस म्हणजे हिंदमाताला साड्यांच्या दुकानावरचा डबिंग स्टुडिओ. परदेशी मालिका तिथे मराठीत व्हायच्या. माणसं पडद्यावर ओठ हलवत आणि आवाज दादर-परळच्या कलाकारांचे. रुचाचं काम भाषेचं. काचेअलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसायचं, प्रत्येक वाक्य ऐकायचं आणि कुठे 'ण'चा 'न' झाला, 'मी आले'चं 'मी आली' झालं, की बटण दाबून शांतपणे म्हणायचं, "परत." कलाकार तिला मागे 'णबाई' म्हणत. तिला ते माहीत होतं. राग कधी आला नव्हता.

हा कान तिला बाबांनी दिला होता. चिंतामणी मालवणकडच्या एका वाडीतून पोरवयात मुंबईला आले आणि रे रोडच्या एका लाकडाच्या कंपनीत पत्रव्यवहाराचे कारकून झाले. सुरुवातीच्या दिवसांत तोंडून मालवणी निघायची आणि ऑफिसातले लोक त्यांना मुद्दाम पुन्हा बोलायला लावून हसायचे. पुढे त्यांनी स्वतःची भाषा अशी घासूनपुसून घेतली, की नवे लोक विचारत, "परबसाहेब, तुम्ही मूळचे पुण्याचे का?" आणि घरात नियम घातला : पोरीशी मालवणीत बोलायचं नाही.

नियम मोडण्याची सोय नव्हती, आणि त्याचा खरा भार पडला दुर्गावर, रुचाच्या आईवर. ती लग्न होऊन थेट गावाहून चाळीत आलेली. मुलीशी बोलायचं म्हणजे तिला प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून घ्यावं लागे. म्हणून वाक्यं लहान झाली. जेवलीस का. दमलीस का. उशीर होईल का. वर्षानुवर्षं मायलेकींचं बोलणं एवढ्यावरच चाललं. रुचाला वाटायचं, आई मितभाषी आहे. शेजारच्या मनूकाकीबरोबर गॅलरीत आईचा आवाज चढलेला ऐकू यायचा, पण रुचा जवळ गेली की दोघी गप्प व्हायच्या, किंवा आई एकदम पाहुण्यांशी बोलावं तसं बोलू लागायची. मालवणी रुचाला समजायची सगळी. बोलता मात्र एक शब्द येत नव्हता.

चाळ पाडली, तिथे टॉवर झाला, टॉवरच्या मागे जुन्या भाडेकरूंची बिल्डिंग झाली. मनूकाकी तिथेही शेजारीच आली. बाबा गेल्यावर रुचा परळची भाड्याची खोली सोडून आईकडे राहायला आली.

त्याच सुमारास स्टुडिओत एक मालिका आली. दूरच्या कुठल्याशा बेटावरच्या म्हाताऱ्या कोळणीची गोष्ट. तिचा मुलगा समुद्रावर जातो तो परत येत नाही. मूळ मालिकेत ही बाई बेटावरची बोली बोलते आणि शहरातले लोक तिला हसतात. ज्या कंपनीची मालिका होती तिला मराठीतही तसंच हवं होतं. डबिंगचा दिग्दर्शक सौमित्र म्हणाला, "सोप्पंय. मालवणी देऊ."

सोपं नव्हतं. दोन अभिनेत्री येऊन गेल्या. दोघींनी मान हलवत, हेल काढत, विनोदी नाटकातल्या मोलकरणीसारखं केलं. दुसरी गेल्यावर सौमित्र डोकं धरून बसला.

"पोरगा बुडालाय तिचा. आणि ही बाजारात बांगडे विकतेय असं वाटतंय," तो म्हणाला. "रुचा, तू मालवणची ना? सांग की हिला."

"मला येत नाही," रुचा म्हणाली.

"परब असून?"

"हो."

रेकॉर्डिंगला कॅरिसा असायची. गिरगावातल्या जुन्या ख्रिश्चन वाडीतली, मुंबई शहर होण्याआधीपासून इथं असलेल्या घरातली. ती हसून म्हणाली, "सोड ना रे तिला. आमच्या घरात पण आमची वेगळी मराठी आहे. मी बाहेर कुठं बोलते? बोलले की लोक विचारतात, अरे वा, मराठी कधी शिकलीस? शिकायला काय, मी काय बोटीतून उतरले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्गा आणि मनूकाकी हिंदमाताला आल्या होत्या. मनूकाकीच्या भाचीचं लग्न, साड्या बघायच्या होत्या. दुकानं फिरून दमल्या, घशाला कोरड पडली, म्हणून पाणी प्यायला वर स्टुडिओत आल्या. रुचा आत होती. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या दुर्गा मनूकाकीला दुकानदाराचं सांगू लागली.

"गे मनू, शालू म्हणान दाखवल्यान तो शालू न्हय, गोधडी ती. हात लावलंय तर धागो माझ्या बोटाक इलो. वर म्हणता कसो, 'आजी, आजकाल असंच चालतं.' मिया म्हटलंय, चालता तर तुझ्या बायलेक नेसय आणि चालव थंय हिंदमाताक!"

कॅरिसा चहा आणायला बाहेर पडली होती ती दारातच थांबली आणि मोठ्याने हसली. मग आत डोकावून म्हणाली, "सौमित्र, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

सौमित्र आला. मागून रुचाही आली. दुर्गाने तिला पाहिलं आणि हात मांडीवर घेतले. "रुचा, आम्ही पाणी प्यायला आलो होतो," ती म्हणाली. आवाज खाली आला होता.

कॅरिसाने रुचाच्या कानात विचारलं, "ही तुझी मम्मी? हीच?"

सौमित्रने तिथल्या तिथे विचारलं, "काकू, आमचं एक काम कराल? एक-दोन वाक्यं फक्त बोलून बघा." दुर्गाने लेकीकडे पाहिलं. रुचाला यावर काही मत सापडेना. गेले कित्येक दिवस कशावरच सापडत नव्हतं.

"बघ, तुला हवं असेल तर," ती म्हणाली.

दुर्गाला आत मायकासमोर बसवलं. हेडफोन अंबाड्यावर नीट बसेना, कॅरिसाने जाऊन बसवून दिला. सौमित्रने प्रसंग सांगितला. मुलगा येत नाही, सरकारी माणूस चौकशीला आलाय, बाई दारात उभी राहून त्याच्याशी बोलते.

"मुलगा मिळतो का नंतर?" दुर्गाने विचारलं.

"नाही काकू."

"बरं."

वाचून बोलणं तिला जमणार नव्हतं. म्हणून रुचाने बटण दाबून प्रमाण मराठीतली ओळ वाचायची आणि दुर्गाने ती आपल्या पद्धतीने म्हणायची असं ठरलं. रुचाने वाचलं, "समुद्राला मी काही विचारलं नाही. विचारून काय झालं असतं? जाळं वाळत घातलं होतं ते काढलं. पाऊस आला असता तर भिजलं असतं, आणि मग तो माझ्यावर ओरडला असता."

काचेपलीकडे दुर्गाने हेडफोन कानाशी दाबून धरला. मग म्हणाली, "मिया दर्याक काय इचारूक नाय. इचारून काय झालां आसतां? जाळां वाळत घातलेलां, तां काढलंय. पावस इलो तर भिजात. मगे तो येयत आणि माझ्यार वराडात."

कॅरिसाचा हात बटणावर तसाच राहिला. सौमित्रने चष्मा काढला.

रुचाच्या लक्षात आलं की आईने काळ बदलला होता. कागदावर 'ओरडला असता' होतं. आईच्या वाक्यात तो अजून येणार होता, येऊन ओरडणार होता. आणखी एक गोष्ट लक्षात आली. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये, इतक्या जवळून, हा आवाज तिने आधी ऐकलेला नव्हता. खालच्या पट्टीतला, जड, जरासा घोगरा. घरातला आईचा आवाज याच्याहून बारीक होता. हे तिला कळलं, आणि पुढे काहीच झालं नाही. तिने वहीत वेळ टिपली.

नमुना कंपनीला गेला. दोन-तीन दिवसांत आकांक्षा नावाच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती कंपनीकडून मराठीचं बघायची. बोलायला गोड होती.

"ऐकून काटा आला, खरंच," आकांक्षा म्हणाली. "सो ऑथेंटिक. पण आम्ही काही लोकांना ऐकवलं ना, नागपूरचे, नाशिकचे... त्यांना अर्धं कळलंच नाही. आपल्याला मालवणी नकोय, मालवणीचा टच हवाय. माका, तुका, खंय, हे शब्द लोकांना माहितीयेत, ते ठेवू. बाकी नॉर्मल करा."

"नॉर्मल म्हणजे?" सौमित्रने विचारलं.

"म्हणजे आपण बोलतो तसं."

सौमित्रने रुचाकडे पाहिलं. रुचाने कागद ओढून घेतले. हे काम तिच्याइतकं चांगलं कुणालाच जमलं नसतं. चहा निवायच्या आत पहिला भाग झाला. 'मी समुद्राला काय विचारलं नाय. विचारून काय होणार होतं? माका माहीत होतं...' प्रत्येक वाक्यात एखादा शब्द सोडायचा, भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसा. बाकी क्रियापदं सरळ करायची. 'वराडात' कापून तिने 'ओरडला असता' केलं. ओठांच्या हालचालीलाही ते नीट बसत होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी दुर्गा ठेवणीतली साडी नेसून आली. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच स्वतःच्या कामासाठी निघाली होती. रुचाने ओळ वाचली. दुर्गाने ऐकली. मग ती काचेकडे न बघता, समोरच्या मायकाशी बोलल्यासारखं म्हणाली, "असां कोण बोलता?"

रुचाने बटण दाबलं. "कुणी नाही बोलत, आई. पण इथे असंच म्हणायचंय."

"अर्धं एक, अर्धं एक?"

"हो."

दुर्गाने प्रयत्न केला. पहिल्यांदा सगळंच मालवणी आलं. "परत," रुचा म्हणाली. दुसऱ्यांदा सगळंच शुद्ध आलं, बाबांचे साहेब घरी आल्यावर यायचं तसं. "परत." मधूनच खालच्या दुकानाच्या जाहिरातीचा भोंगा आला, मग थांबावं लागलं, मग पुन्हा "परत." दुर्गाने तक्रार केली नाही. ती शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसून ऐकत होती आणि म्हणत होती. हळूहळू जमू लागलं.

एका ठिकाणी वाक्य होतं, "घरात पाणी नाही." आकांक्षा कॉलवरून ऐकत होती. तिने थांबवलं.

"मॅम, 'पानी' करूया का? 'पाणी' जरा शहरी वाटतंय."

दुर्गाने हेडफोन सारखा केला. "आमच्याकडे पाणीच म्हणतात," ती म्हणाली. "मालवणीतसुद्धा पाणीच."

"हो का? पण ऐकणाऱ्याला 'पानी' जास्त गावचं वाटतं ना."

कॅरिसा रुचाकडे बघत होती. सौमित्रही. वीस वर्षं या खुर्चीत बसून रुचाने कुणास ठाऊक किती लोकांचा 'न' पुसला होता. तिने बटण दाबलं.

"आई, 'पानी' म्हण. न."

"घरात पानी नाय," दुर्गा म्हणाली.

"छान. पुढे."

संध्याकाळी दोघी चालत परळपर्यंत आल्या. दुर्गाने विचारलं, "बरं झालं का?" रुचा म्हणाली, "चांगलं झालं." पुलाखाली दुर्गाने कणसं घेतली.

मालिका आली त्या रविवारी सकाळी मनूकाकी आणि मजल्यावरच्या चार-पाच बायका परबांच्या घरी जमल्या. दुर्गाने कांदेपोहे केले होते. रुचाने टीव्ही लावला. कोळीण दारात आली, सरकारी माणूस आला, आणि दुर्गाचा आवाज खोलीभर झाला.

मग मनूकाकी म्हणाली, "दुर्गा, ह्यां खंयचां बोलणां गे?"

एक बाई फसकन हसली. मग सगळ्याच हसल्या. "पानी! पानी म्हणता गे ही!" हसण्यात वाईट काही नव्हतं, घरचंच होतं. दुर्गाही हसली. "तेंका तसांच होया होतां," ती म्हणाली आणि पोह्यांवर खोबरं घालायचं राहिलं म्हणून स्वयंपाकघरात गेली. खोबरं आधीच घातलेलं होतं. ते रुचाने पाहिलं होतं. पहिला भाग संपेपर्यंत दुर्गा बाहेर आली नाही.

तिकडे लोकांना मालिका आवडली. कुणीतरी लिहिलं, म्हातारीचा आवाज अस्सल मातीतला आहे, अशी भाषा आता कुठे ऐकायला मिळते. आकांक्षाने ते रुचाला पाठवलं, खाली जोडलेल्या हातांचं चित्र. सौमित्रने पुढच्या कामासाठी विचारलं, तर दुर्गा नुसती "नको" म्हणाली. लिफ्टपाशी बायका आठवडाभर "पानी इलां काय गे?" म्हणून चिडवत होत्या. मग विसरल्या. दुर्गा मात्र पॅसेजमध्ये बसायला पूर्वीसारखी जाईना. दार लोटून आतच भाजी निवडायची.

हे रुचाच्या डोळ्यांसमोर होत होतं. आपण काहीतरी करायला हवं, हे तिला समजत होतं. जसं कॅलेंडरकडे बघून समजतं की आज बिल भरायला हवं.

नंतरच्या एका रविवारी दोघी दुपारी जेवायला बसल्या होत्या. सुरमईची आमटी, भात.

"आई," रुचा म्हणाली, "माझ्याशी मालवणीत बोल ना."

दुर्गाचा घास हातात राहिला. "काय बोलू?"

"काहीही. मनूकाकीशी बोलतेस तसं."

दुर्गाने तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. "तू..." ती म्हणाली आणि थांबली. ताटातला भात सारखा केला, पुन्हा वर पाहिलं. "आमटी..." पुन्हा थांबली. मग ओशाळल्यासारखी हसली. "नाही गं येत. तुझ्याकडे बघितलं की येतच नाही."

"न बघता बोल."

"तरी तूच असतेस ना समोर."

मग रुचानेच करून पाहिलं. "आये, माका..." तिने सुरुवात केली, "माका थोडी आमटी वाढ." ऐकताक्षणी तिच्या कानाने ते पकडलं. एक शब्द तिकडचा, बाकी सगळं नॉर्मल. आकांक्षाने पास केलं असतं.

दुर्गा हसली नाही. तिने आमटी वाढली. "राहू दे," ती म्हणाली. "जेव."

जेवण झालं. दुर्गाने ओटा पुसला आणि कितीतरी दिवसांनी शेजारी मनूकाकीकडे गेली. दोन्ही दारं उघडीच राहिली. रुचा दिवाणावर आडवी झाली होती. आधी मनूकाकीच्या पंख्याचा आवाज येत होता, मग आईचा आला. तोच, खालच्या पट्टीतला.

"माझां चेडू आज माका म्हणता, मालवणीत बोल."

"मगे बोल की," मनूकाकी म्हणाली.

"काय बोलू गे? तेका काय आठवाचां नाय. ल्हान होतां तेवा ह्ये हापिसात गेले काय घरात आम्ही दोगाच. मिया तेच्याशी मालवणीतच बोलत होतंय, दिसभर. आणि ह्यां काय कमी बोलाचां? तोंडाक खळ नाय. एक दिस ह्ये संध्याकाळचे घराकडे इले, तर दारात धावत गेलां आणि वराडलां, 'बाबा इले! बाबा इले!' सगळ्या चाळीन आयकलां."

"मगे?"

"मगे काय. ह्ये तेका काय बोलूक नाय. चपलो काढूक नाय, तसेच खुर्चेर बसले. जेवूक नाय. नंतर माका म्हणाले, 'दुर्गा, आजपासून हे बंद.' तां पण शुद्धात. दुसऱ्या दिसापासून मिया गप. येवढां येवढां तां चेडू, माझ्या तोंडाकडे बघीत रवाचां. आवस माझी अशी कित्या झाली, म्हणान."

मनूकाकी काहीतरी हळू बोलली, ते कळलं नाही. मग भांड्यांचा आवाज आला.

रुचा छताकडे बघत पडून राहिली. ते दार, ती खुर्ची, धावत जाणं, यातलं काहीतरी आठवतंय का म्हणून तिने शोधलं. काहीच नव्हतं. तेव्हा चाळीचं दार कुठल्या रंगाचं होतं तेही नव्हतं. 'बाबा इले' हे दोन शब्द तिने ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. मग जरा मोठ्याने म्हणून पाहिले. बरोबर आले की चुकले, ते तिच्या कानाला सांगता येईना. आणखी एकदा म्हणून बघावं असं वाटलं, तेवढ्यात दुर्गा परत आली.

"झोपली नाहीस?" तिने विचारलं.

"नाही."

"चहा ठेवू?"

"ठेव," रुचा म्हणाली.

दुर्गा आत गेली. रुचा उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आई आलं किसत होती, आणि ती तिथेच उभी राहून आईच्या हातांकडे बघत होती.